चुड्याचं माप

शालनआक्कांनी रंधा थांबवला आणि कान टवकारले. माडीवर सून गिटार वाजवत होती, आणि जे वाजत होतं ते आक्कांनी बनवलेल्या गिटारीतून येणं शक्य नव्हतं. स्वर नुसता तारेवर आपटून उठत नव्हता. कुणी लांबून हाक मारत मारत जवळ यावं तसा तो शून्यातून उगवायचा, फुलायचा आणि परत मागं सरायचा.

"ह्याच्यात काहीतरी लबाडी हाय," त्या म्हणाल्या आणि लुगड्यावरचा भुसा झटकून जिना चढू लागल्या.

कुरुंदवाडात बसून चाळीस वर्षं विजेच्या गिटारी करणारी ही बाई. चौथीत शाळा सुटली, पण सासऱ्यांचा बैलगाडीच्या चाकांचा धंदा मोडला तेव्हा त्याच किकऱ्या-पटाशीच्या अवजारांनी गिटारी करायचं डोकं तिचं. सन दोन हजार त्रेचाळीस उजाडलं तरी हैदराबाद, बेंगळुरूचे वाजवणारे तिच्या दारात चपला काढत होते, ते एकाच गोष्टीसाठी. नॉबची जागा.

विजेच्या गिटारीला आवाज कमीजास्त करायचा एक नॉब असतो. तारांच्या जवळ ठेवला तर वाजवता वाजवता करंगळीनं फिरवता येतो, पण जोरात हात मारला की बोटं त्याच्यावरच आदळतात आणि ऐन रंगात आवाज पडतो. लांब ठेवला तर हात मोकळा, पण आवाज चढवायचा म्हणजे वाजवणं सोडायचं. कारखानदार एक जागा ठरवून मोकळे होतात, आणि मग दुनियेचे हात त्या जागेपायी वाकडे होत बसतात. आक्कांकडं उलटं. माणसाला स्टुलावर बसवायचं, सुतळीनं मनगटापासून करंगळीच्या टोकापर्यंत माप घ्यायचं आणि मगच लाकडाला भोक. "शिंपी माप घेतल्याबिगर कापड फाडत न्हाई," त्या म्हणायच्या, "आणि तुम्ही लाकूड फाडता?"

माडीवरच्या खोलीत त्यांनी पाहिलं आणि त्यांचा पाराच चढला. त्यांनी लग्नात सुनेला दिलेली शिवणीच्या लाकडाची गिटार खुंटीला टांगलेली होती. आणि सून, लग्नाला पंचवीस दिवस झालेली आर्वी, मांडीवर एक पांढरं, गुळगुळीत, साबणाच्या वडीसारखं काहीतरी घेऊन बसली होती.

"हे काय गं? पाट हाय का पोळपाट?"

आर्वी दचकून उठली. दोन्ही हातांतला हिरवा चुडा किणकिणला. "आक्का, ही सुगम कंपनीची आहे. लग्नाआधीच चाचणीसाठी माझं नाव गेलं होतं. काल आली."

"आणि माझी खुंटीला? देवाचा फोटो हाय व्हय ती?"

आर्वी इचलकरंजीची, तोंडानं काही कमी नव्हती, पण सासूपुढं शब्द मोजून वापरायची. शेवटी तिनं उजव्या हाताची करंगळी पुढं केली. सांधा सुजला होता.

"तुमच्या गिटारीवर नॉबला पोचताना ही ओढली जाते. दहा मिनिटांत कळ येते. सांगायचं धाडस झालं नाही."

आक्कांना कुणी थोबाडीत दिली असती तरी एवढं लागलं नसतं. साखरपुड्यादिवशी त्यांनी स्वतः या मुलीचा हात धरून माप घेतलं होतं. आजवर एकाही माणसानं परत येऊन "दुखतंय" म्हटलं नव्हतं. निदान तोंडावर तरी.

"ह्या पोळपाटाला नॉब कुठं हाय?" त्यांनी विचारलं. आवाज जरा उतरला होता.

"नाहीच. हवा तिथं येतो."

मग आर्वीनं समजावलं, आणि आक्कांना यंत्राचं वावडं नसल्यामुळं त्यांना ते पटकन कळलंही. गिटारीच्या तोंडावर रबरासारखं कातडं होतं. त्याच्याखाली तिळाएवढ्या हजारो पिशव्या. विजेचा दाब दिला की त्या ठिकाणचं कातडं तव्यावरचा फुलका फुगावा तसं फुगतं आणि बोटाखाली नॉब तयार होतो. कातडं स्पर्शाशिवायही हात ओळखतं, कारण हात जवळ आला की त्याच्या विजेच्या क्षेत्रात फरक पडतो. शिवाय दंडाला एक पट्टी बांधायची, ती स्नायूंतून जाणारी बारीक वीज मोजून कुठला स्नायू किती दमला ते सांगते. दोन्हीचा हिशेब करून गिटार नॉबला कणाकणानं सरकवत राहते, जिथं हाताला सगळ्यात कमी ओढ बसेल तिथपर्यंत.

"म्हणजे मी सुतळीनं करते तेच, फक्त बिनडोक माणसांसाठी," आक्का म्हणाल्या. "बरं, मग तुझा नॉब कुठं नेला तिनं?"

आर्वीनं गिटार मांडीवर घेतली. करंगळीजवळ काहीच फुगलं नाही. फुगली ती गिटारीची वरची कड, जिथं उजव्या हाताचा मनगटामागचा भाग टेकतो तिथं. बोटभर रुंद, लांबट पट्टी.

"तिथं? तिथं कुणी नॉब ठेवतं का? तिथं माणूस हात टेकवतो!"

"ऐका तरी," आर्वी म्हणाली, आणि तिनं तार छेडली.

चुड्याच्या तेरा बांगड्या त्या पट्टीवर टेकल्या होत्या. आर्वीनं हात जरासा पुढं सरकवला, बांगड्या एकीमागून एक पट्टीवरून सरकल्या आणि स्वर फुलला. हात मागं घेतला, स्वर मावळला. करंगळी मोकळी होती, ती तारांवर नाचत होती. पाचही बोटं! आक्कांनी उभ्या जन्मात पाच बोटांनी गिटार छेडणारा आणि त्याच वेळी आवाजाला श्वास घ्यायला लावणारा हात पाहिला नव्हता. त्यांच्या अंगावर काटा आला. त्यांनी तो पदराखाली लपवला.

"रविवारी सांगलीला हेच वाजवणार," आर्वी म्हणाली. तिचे डोळे चमकत होते. कृष्णेच्या घाटावर तंतुवाद्यांचा मेळा होता आणि तिचं नाव यादीत होतं. "दुखणं सुरू झाल्यापासून मी सोडायच्या विचारात होते, आक्का. आता वाटतंय, मी अजून सुरुवातच केली नव्हती."

तेवढ्यात गिटारीच्या कडेला लाल दिवा लागला, आणि आर्वीच्या फोनवर कंपनीचे इंजिनिअर इनामदार आले.

"आर्वीताई, चूक आमची आहे, माफ करा," ते अतिशय नम्रपणे म्हणाले. "सात जणींच्या गिटारीत एक दोष सापडलाय. बांगड्यांना यंत्र हातच समजतंय. दोन्ही टोकांना सोन्याच्या पाटल्या आणि मध्ये काच, त्यामुळं त्याला वाटतंय की तुमचं मनगट चार बोटं वर आहे आणि ते लवचिक आहे. शुक्रवारी दुपारी बाराला दुरुस्ती पाठवतोय. नॉब योग्य जागी येईल."

"पण मला हीच जागा हवी आहे!"

"ताई, ही जागा चुकून आलीय."

आक्कांनी फोन हिसकावला. "ओ इनामदार! चूक तुमची असंल, पण हात तिचा हाय. चालतंय त्याला कशाला मोडता?"

"मॅडम, सगळ्या गिटारी एकाच प्रोग्रॅमवर चालतात. एकीपुरता दोष ठेवता येत नाही."

"मग तुमच्या प्रोग्रॅमला म्हणावं, बाईच्या हातात बांगड्या असतात हे तुला आज कळलं का?"

फोन बंद झाल्यावर आक्का म्हणाल्या, "गिटार ज्वारीच्या पत्र्याच्या कोठीत घालून ठेवू. पत्र्यातनं दुरुस्ती आत कशी शिरती बघू."

"रोज एकदा कंपनीशी बोलणं झालं नाही तर ती मुकी होते, आक्का. चाचणीची अटच आहे."

"मग रविवारपातूर असलीच दुसरी कुठली गिटार—"

"दुसरी गिटारच नाही. करंगळीजवळच्या नॉबवर वाजवलं तर दहा मिनिटांत कळ येणार. मला पाऊण तास वाजवायचंय."

आक्का खुंटीवरच्या आपल्या गिटारीकडं बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "खाली चल."

खाली वाळलेल्या शिवणीच्या दोनच फळ्या शिल्लक होत्या. गुरुवारी सकाळी त्यांनी पहिली फळी कापली. कल्पना सरळ होती. फुगणारं कातडं आपल्याकडं नाही, मग त्या जागी फिरता रूळ बसवायचा, लाटण्यासारखा, आणि त्याच्या टोकाला पॉट, म्हणजे नॉबच्या पोटातला आवाज कमीजास्त करणारा भाग, जोडायचा. हात पुढंमागं झाला की बांगड्या रुळाला फिरवतील. आक्कांचा मुलगा सुयोग लेथवर बसला. वायरिंग त्याच्याकडं, लाकूड आईकडं, आणि बोलणं सगळं आईकडंच.

"बस स्टुलावर," आक्का सुनेला म्हणाल्या. "बांगड्या मागं सार."

आर्वीनं चुडा कोपरापर्यंत वर ढकलला. सुतळी ताणली गेली, पेन्सिलीची खूण झाली, भोकं पडली, रूळ बसला. दुपारी आर्वीनं गिटार गळ्यात घातली. बांगड्या खाली मनगटावर घरंगळल्या आणि रूळ राहिला त्यांच्या तीन बोटं वर. हात पुढं केला तर रुळाला नुसतं हाताचं कातडं घासत होतं. आवाज आला घोगरा, मग एकदम ओरडला, मग गेला.

सुयोग म्हणाला, "आई, माप चुकलं."

"माझं?" आक्का कडाडल्या. "माझं माप? गेल्या चाळीस वर्षांत—"

आणि त्या मध्येच थांबल्या. सुयोगला हे इतकं नवं होतं की त्यानं लेथ बंद केला.

आक्कांनी स्वतःच्या हाताकडं पाहिलं. त्यांच्याही हातात काचेच्या बांगड्या होत्या, लग्नापासून. काम करताना त्या मागं सारायच्या, कारण रंधा मारताना अडतात. बायका गिटार घ्यायला आल्या की त्यांनाही सांगायच्या: बांगड्या मागं सार. घड्याळ काढ. ताईत वर कर. चाळीस वर्षं त्यांनी नागडा हात मोजला होता, आणि नागड्या हातानं घरात कुठली बाई काय करते? पोरी गिटार घेऊन जायच्या, घरी चुडा घालून वाजवायच्या, मनगट बांगड्यांपायी उचलून धरायच्या आणि तेवढीच करंगळी ओढली जायची. दुखणं तिथनं. बांगड्या हाताचाच भाग आहेत हे बांगड्या घालणाऱ्या बाईला कळलं नव्हतं. कळलं ते एका बिनडोक पोळपाटाला, आणि तेही चुकून.

"माझंच चुकलं," त्या म्हणाल्या.

सुयोगनं आर्वीकडं पाहिलं. आर्वीनं लगेच मान खाली घातली. तिला हसू येत होतं की रडू, तिचं तिलाच ठाऊक.

"तोंडं बघू नका! उद्या बारापर्यंतच ती जागा दिसणार हाय. रांगोळी आण गं, पांढरी, बारीक. आणि चुडा हाय तिथंच राहू दे. हातही लावू नकोस त्याला."

शुक्रवारी साडेअकराला पांढऱ्या गिटारीला काळं कापड घट्ट चिकटवून त्यावर आक्कांनी चाळणीनं रांगोळी भुरभुरवली. "वाजव," त्या म्हणाल्या. "रविवारी जे वाजवायचं तेच, सगळं. हात चोरू नकोस."

आर्वी वाजवत गेली. रांगोळी उडत होती, आणि बांगड्या जिथून जिथून सरकत होत्या तिथून पुसली जात होती. काळ्या कापडावर हळूहळू एक आकार उमटला. सरळ पट्टी नव्हतीच ती! एका टोकाला रुंद, दुसरीकडं निमुळती, किंचित वाकलेली, गाजरासारखी. आक्का गुडघ्यावर बसून बघत होत्या. त्यांच्या लक्षात आणखी एक गोष्ट आली आणि त्या ओरडल्याच, "आगं, दात हायेत ते!"

"कसले?"

"बांगड्या! ओळीनं बसलेल्या बांगड्या म्हणजे करवतीचे दात. रुळाला खाचा पाडल्या की प्रत्येक बांगडी एकेक खाच ढकलणार. आणि बांगड्यांच्या मध्ये जी ढिलाई हाय ना, तेवढा उशीर लागतो आवाजाला. म्हणून आधी तार वाजते आणि आवाज मागनं फुलतो. तुझा स्वर श्वास घेतो तो ह्या ढिलाईपायी!"

बारा वाजायला पाच मिनिटं होती. सुयोगनं आकारावर कागद धरला, आक्कांनी पेन्सिल फिरवली. दोन मिनिटं. आर्वी थांबली नाही, तिला आता थांबताच येत नव्हतं. घड्याळात बारा वाजले. लाल दिवा हिरवा झाला, आणि वरच्या कडेची पट्टी तिच्या हाताखाली थंड झालेल्या फुलक्यासारखी बसली. करंगळीपाशी एक छोटा गोल नॉब शहाण्यासारखा वर आला.

आर्वीनं गिटार बाजूला ठेवली. "गेलं," ती म्हणाली.

आक्कांनी कागद फडकवला. "कुठं गेलं? हे बघ की!"

शनिवारी शिवणीची दुसरी फळी कापली आणि दिवसभर लेथ गरगरत होता. रूळ शिसमाचा, गाजराच्या आकाराचा. त्याला तेवीस खाचा. खाचांवर काच तडकू नये म्हणून सायकलच्या ट्यूबचं आवरण. पहिला फार घट्ट निघाला, दुसरा इतका ढिला की हात उचलला तरी आपोआप फिरायचा. तिसऱ्याला आर्वीनं स्वतः कानस मारली. आक्का "अगं अगं" म्हणत धावल्या, पण तिनं बरोबर तिथंच मारली होती जिथं हवी होती. संध्याकाळी ती वाजवायला बसली आणि पहिल्याच स्वराला सुयोग लेथवरून उठून बाहेर आला. माडीवरून ऐकू आलेलं तेच, पण त्यात आता लाकूड होतं. प्लॅस्टिकला जी छाती नसते ती ह्याला होती.

रविवारी पाच वाजता सांगलीच्या घाटावर ऊन अजून पायऱ्यांवर होतं. माणसं वरपर्यंत बसली होती. आर्वी हिरव्या लुगड्यात मंचावर आली तेव्हा मागून एकजण म्हणाला, "चुडा घालून गिटार? अडणार की!" आक्कांनी वळून त्याच्याकडं असं पाहिलं की तो पुढचा पाऊण तास खोकलासुद्धा नाही.

आणि आर्वी सुटली. खालचा स्वर पाण्यातून वर यावा तसा आला, तो पुरता फुलायच्या आत करंगळीनं वरचा उचलला, दोघं एकमेकांत गुंतले. टाळी द्यायची विसरून माणसं पुढं सरकत होती. पहिल्या रांगेतला सतारवादक म्हातारा स्वतःच्या उजव्या हाताकडं बघत बसला, जणू तो त्याला आजवर फसवत आला होता. आक्का मंचाच्या कडेला उभ्या होत्या. त्यांचे ओठ खाचा मोजत होते.

शेवटच्या द्रुत तुकड्यात आर्वीचा हात जोरात आला आणि कटकन आवाज झाला. एक बांगडी वाढली. काच मंचावर उडाली. घाटावर बायकांनी एकदम श्वास घेतला. नव्या नवरीचा चुडा, भर कार्यक्रमात! आर्वीचा हात जागीच गोठला, तिनं कडेला पाहिलं, सासूकडं.

घरी कुणाची बांगडी वाढली तर आक्का दिवसभर देवघर सोडत नसत. सुयोगनं डोळे मिटून घेतले.

"मला काय बघतीस?" आक्का अख्ख्या घाटाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या. "बारा दात उरलेत की! वाजव!"

आर्वीनं हात टेकवला. पडलेल्या दाताच्या जागी रूळ एक खाच चुकला आणि स्वर मध्येच अडखळला, उचकी लागल्यासारखा. तिनं पुन्हा तेच केलं. पुन्हा उचकी. तिसऱ्यांदा तिनं मुद्दाम त्या उचकीवर तार छेडली, आणि घाट हसला, मग ओरडला, मग उभा राहिला. त्या अडखळण्याला तिनं ताल बनवून टाकलं होतं. कुठल्या यंत्रानं आणि कुठल्या सुतळीनं हे मोजलं असतं?

निवेदकानं विचारलं, "ही अद्भुत गिटार कुणी घडवली?" आणि माईक आक्कांच्या तोंडापुढं धरला. चाळीस वर्षं त्या ह्या प्रश्नाचं उत्तर एकाच शब्दात देत आल्या होत्या.

"लाकूड माझं," त्या म्हणाल्या. "जागा सुनेची. शेवटची कानसही तिचीच."

मंचामागं एक गोरा, घामानं डबडबलेला माणूस हात जोडून उभा होता. इनामदार. ते पुण्याहून मुद्दाम आले होते, आर्वीची माफी मागायला, आणि आता त्यांना दुसरंच काही मागायचं होतं.

"आक्का, सातही गिटारींतून आम्ही ती चूक पुसली. नोंदसुद्धा ठेवली नाही. आता आमच्याकडं तिचा मागमूस नाही. ते माप द्याल का?"

"मला काय विचारता? त्यांना विचारा," आक्का म्हणाल्या. त्यांनी सुनेला पहिल्यांदाच 'त्यांना' म्हटलं होतं. "आर्वी, ये गं. साहेबांना हात दाखव. आणि दाखवायच्या आधी अटी सांग. मी असते तर दोन घातल्या असत्या, तू चार घाल."

आर्वीनं रुमालानं मनगटावरचा काचेचा ओरखडा पुसला आणि जरा विचार केला.

"पहिली अट," ती म्हणाली, "तुमच्या यंत्राला सहा महिने कुरुंदवाडला आक्कांच्या हाताखाली शिकायला पाठवा."

इनामदार मोठ्यानं हसले. मग सासू आणि सून दोघींपैकी कुणीच हसत नाही हे पाहून त्यांनी मुकाट्यानं वही उघडली आणि लिहून घेतलं.